शून्य बिघाडांची गाडी

३ सप्टेंबर, सोमवार
स्टॉपवर नोटीस लागली. पुढच्या एक तारखेपासून पहाटे सव्वापाचची बस बंद. आईला हॉस्पिटलच्या लाँड्रीत सहाला हजेरी. तीन लेटमार्क झाले की नोकरी गेली. आई म्हणते, चालत जाईन. सात किलोमीटर!
मी जाहीर केलं, गाडी घ्यायची. सेकंडहँड, पण अभ्यास करून. पैसे दादाचे. फरशी कापायचं मशीन घ्यायला साठवले होते त्याने. म्हणाला, घे, पण डोकं वापर, त्यासाठीच तर तुला शिकवलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, तीही स्टॅटिस्टिक्सची. काळजीचं कारणच नाही.

५ सप्टेंबर, बुधवार
वैताग. ऑफिसातल्या अकाउंटंटबाई म्हणतात, बोनेटवर चौकटीचं चिन्ह असलेली कंपनी सोडून दुसरीकडे बघूसुद्धा नकोस. शेजारचे काका म्हणतात, चौकट म्हणजे डबडं, त्यांच्या साडूची भर घाटात बंद पडली होती. कधी, विचारलं. बावीस वर्षांपूर्वी!
कंपन्यांची अब्रू अशी ठरते. एका साडूवर.
संकल्प: ऐकीव काही नाही. फक्त आकडे.

८ सप्टेंबर, शनिवार
मामाच्या गॅरेजमध्ये सर्व्हे सुरू. स्टूल, वही, तीन रंगांची पेनं. दुरुस्तीला येईल त्या गाडीच्या कंपनीपुढे एक रेघ. ज्या कंपनीच्या रेघा कमी, ती चांगली. इतकं सोपं आहे, पण कोणी करत नाही.
मामा म्हणाला, बसायचंच आहे तर तो पाना तरी दे. दिला. कोणता ते मात्र सांगायला हवं होतं.

१६ सप्टेंबर, रविवार
निकाल. चौकट: एकतीस गाड्या. बाकी कंपन्या: चार ते नऊ. आणि जिच्या बोनेटवर बगळा असतो ती कंपनी: शून्य! आठ दिवसांत एकही बगळा बिघडला नाही. अंगावर काटा आला.
मामा गाडीखालून काहीतरी सांगत होता, पण मी तक्त्याच्या रेघा मारत होते. शिवाय मामाची स्वतःची गाडी चोवीस वर्षांची चौकटच. तो निःपक्षपाती असणं शक्य नाही.

२२ सप्टेंबर, शनिवार
बगळा मिळाला! मालक रिटायर्ड गृहस्थ. गाडी सहा वर्षांत एकदाही गॅरेजला गेली नाही, असं देवाशपथ सांगितलं. माझ्या आकड्यांशी तंतोतंत जुळतं. किंमत चौकटीच्या निम्मी. दादाने विचारलं, एवढी चांगली तर एवढी स्वस्त का? मी म्हटलं, लोकांना आकडे वाचता येत नाहीत म्हणून. तो म्हणाला, बरं बाई, तू शिकलेली.
मामाला मुद्दाम नेलं नाही. सरप्राईज.

१ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ६.१०
आई पाच मिनिटं आधी पोचली! तिने मागे बसून पर्स घट्ट धरली होती, पण चेहरा समाधानी. भावनिक क्षण.

४ ऑक्टोबर, गुरुवार
बगळा दारातच बसला. चावी फिरवली की नुसता खोकतो. आई अर्धी वाट पळत गेली. लेटमार्क एक.
मामा आला, बोनेट उघडलं आणि फोन करून आणखी दोन मेकॅनिक बोलावले. मला वाटलं मदतीला. नाही, बघायला! फोटो काढले. मामा म्हणे, गेल्या सहा वर्षांत बगळा डोळ्यांनी पाहिला नव्हता. पेट्रोलचा पंप गेलाय, आणि कंपनी कधीच बुडाली, पार्ट मिळत नाहीत. गावात चौकटी हजारभर, म्हणून त्या गॅरेजला दिसतात. बगळा बिघडला की सरळ भंगारात जातो, गॅरेजला येईल कशाला?
हे आधी सांगायला काय झालं होतं? म्हणाला, सांगत होतो ना गाडीखालून, तू रेघा मारत होतीस.
हा मुद्दा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. परीक्षेला आला नव्हता.

९ ऑक्टोबर, मंगळवार
सात ठिकाणी फोन. एकाने विचारलं, बगळा म्हणजे पाण्याचा पंप का? आई रिक्षाची वाट बघत राहिली. लेटमार्क दोन. आता एकच उरला. आई म्हणते, उद्यापासून चारलाच चालत निघते.
संकल्प: बगळा विकायचा. प्रामाणिकपणे.

१४ ऑक्टोबर, रविवार
जाहिरात वाचून एक शिक्षिका आल्या. हातात वही! तीन रंगांची पेनं! मी त्यांना सगळं खरं सांगणारच होते, पण त्यांनी आधी विचारलं, किती वेळा गॅरेजला गेली? मी म्हटलं, एकदाही नाही. हे अक्षरशः खरं आहे. मामाच घरी आला होता. त्यांनी हिरव्या पेनाने शून्य लिहिलं.
तेवढ्यात आई बाहेर आली. म्हणाली, ताई, गाडी बंद आहे, पंप जगात कुठे मिळत नाही, पाणी घेता का? बाई पाणी पिऊन गेल्या. आई मला म्हणाली, तुला फी भरून शिकवलं ते याच्यासाठी नाही. मग चुलीकडे वळली. मी वही बंद केली.

१५ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ६.३०
आई वेळेवर पोचली. मामाच्या चौकटीतून. रोज सोडतो म्हणालाय. बगळ्यात दादाने सिमेंटच्या गोण्या ठेवल्या. म्हणतो, काच चांगली बसते, ओल येत नाही.
मामाची एकच अट. थंड असली की चौकट धक्क्याशिवाय सुरू होत नाही, आणि धक्का द्यायला माणूस लागतं. तर रोज पाच वाजता मी. आज कोपऱ्यापर्यंत ढकलली. चप्पल तुटली.
सुरू झाली मात्र.