मागीलदारच्या भट्टीची निरवानिरव

मी, श्रीमती गोदावरी आत्माराम मयेकर, वय वर्षे अडुसष्ट, राहणार मांडवी, रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. जीभही ठिकाणावर आहे, याबद्दल वाडीत कोणाला शंका असेल असे वाटत नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. मला धाक दाखवील असा माणूस मांडवीत जन्मलाच नाही, आणि सगळ्या भानगडीचे मूळ तेच आहे, हे पुढे कळेल.

१. राहते घर, अंगण आणि दोन माड माझा मुलगा विठ्ठल, राहणार मुंबई, याला जावेत. हक्काने जातात म्हणून जातात. गेल्या दिवाळीत पाठवलेल्या माझ्या नानकटाया त्याच्या बायकोने शेजारच्या कुत्र्याला घातल्या आणि वर मला सांगितले, "आई, त्याला फार आवडल्या हो." त्यांच्या घरात क्रीमची बिस्किटे असतात. ते क्रीम जिभेला साबणासारखे लागते. मला शिसारी आली, पण पाहुणी म्हणून गेले होते, गिळले. दोघांनी घरात खुशाल राहावे. मात्र मागीलदारची भट्टी पाडून तिथे न्हाणीघर बांधू नये. विठूने फीत धरून माप काढलेले मी खिडकीतून पाहिले आहे.

२. माझ्या बांगड्या, पोस्टातले पुस्तक आणि मोठी पितळी परात जयगडला दिलेली माझी मुलगी जनी हिला द्यावी. तिने कधी काही मागितले नाही, म्हणून तिला.

३. भाजायचे पत्रे एकूण चौदा. त्यांपैकी सहा शेजारी गंगाराम शिवलकर याच्याकडे आहेत. त्यांवर तो कोळंबीचे सोडे वाळवतो. नानकटाईच्या पत्र्यावर सोडे! त्याला मी काहीही ठेवत नाही. पत्रे घासून, उन्हात तापवून परत करावेत.

४. आता भट्टी. माझे यजमान आगबोटीवर बेकर होते. बोट सोडून घरी आले तेव्हा त्यांनी जांभ्याचे चिरे लावून ही भट्टी स्वतः बांधली. ती वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी पेटते. वाडीतल्या बायका आपापले पीठ, तूप, साखर घेऊन येतात, इथेच मळतात, वळतात. पैसा कोणी देत नाही, मी घेत नाही. कागदाची चिठ्ठी आत जळून जाते, म्हणून प्रत्येकीने आपल्या नानकटाईवर खूण करायची. माझी खूण लवंग. माझी धाकटी जाऊ काशी, माझा दीर दादू याची बायको, ट्रंकेच्या चावीचे टोक दाबायची. दर पत्र्यामागे एक नानकटाई भट्टीच्या डब्यात पडते. ज्या घरी त्या वर्षात माणूस गेले त्यांच्याकडे फराळ होत नाही, तो डबा त्यांच्या घरी जातो. हा नियम यजमानांचा.

५. सन १९६६. जनीच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी नानकटायांचा डबा घेऊन जयगडला गेले. विहीणबाईंनी एक तोडली, हुंगली आणि म्हणाल्या, "तूप नवीन प्रकारचं हाय काय?" घरी येऊन मी उरलेली खाल्ली. वनस्पती तूप! टाळूला मेणासारखे चिकटले. मी साजूक तूप वापरले होते. काशीच्या घरी तेव्हा वनस्पतीच असे, हे सगळ्यांना ठाऊक. पण त्या वर्षी तिच्या नानकटाया मात्र साजूक तुपातल्या निघाल्या होत्या. मला वाटले, उलगडा झाला. भाऊबिजेला भर विहिरीवर मी तिला चोर म्हटले. माझी पाठ वळताच हिने माझ्या लवंगा उपटून आपल्या पिठावर खोवल्या आणि माझ्या पिठावर चावी दाबली, असे मी ओरडून सांगितले. ती म्हणाली, "मी श्रावणापासून लोणी साठवलंय ओ, जाऊबाय." मी थुंकले. तिला भट्टी बंद केली.

सन १९७३ मध्ये दादू भावोजी वारले. त्या वर्षी वाडीत दुःखाचे घर एकच, काशीचे. डबा मी पाठवला नाही. तो माझ्या फडताळात शिमग्यापर्यंत राहिला. उघडला तेव्हा आत हिरवी बुरशी होती आणि असा वास, की नाकाला पदर लावून मी तो उकिरड्यावर ओतला. वाडीतल्या प्रत्येक घरची एकेक नानकटाई त्यात होती. त्या वासाची मला आजही किळस येते, आणि आता ती वासाची नाही.

सन १९८३ मध्ये यजमान अंथरुणाला खिळले. जाण्याच्या आठ दिवस आधी म्हणाले, "त्या वर्षी तुपाची बरणी माज्या हातून पडली गो. मी वनस्पती आणून भरली, वर उरलेल्या साजूक तुपाचा थर दिला. तुला घाबरलो." गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, पण दोन दिवस मला त्यांचे तोंड बघवेना. तिसऱ्या दिवशी कळले की ज्या बाईला तिचा नवरा सतरा वर्षे एका बरणीबद्दल सांगू शकला नाही, ती बाई मी.

त्या दिवाळीत वाडीने भट्टी पेटवली आणि डबा माझ्याच घरी आला. मी एकेक नानकटाई उलटीसुलटी करून पाहिली. चावीची खूण एकीवरही नव्हती. कशी असेल? काशीचे घर इथून सातवे. तीन वर्षे झाली, मी ती सात घरे चाललेले नाही.

६. सबब, मागीलदारची भट्टी, तिच्याखालची जागा, सर्व पत्रे आणि तो डबा मी माझी जाऊ काशी दादू मयेकर हिला देत आहे.

(सहावे कलम खोडले आहे. सही: गो. आ. मयेकर.)

खोडण्याचे कारण: आज काशीला आणि गंगारामला साक्षीसाठी बोलावले. ज्याला काही मिळते त्याने साक्ष घालू नये, असे वकिलांनी बजावले होते; तरी तिच्यासमोर वाचल्याशिवाय मला राहवले नाही. पाचवे कलम वाचताना माझा आवाज दोनदा गेला. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुमची भट्टी घेऊन मी काय करू ओ? त्या वर्षी डबा आला नाय, तो नायच आला. मला काय नको. सही करते." तिसरे कलम वाचले तेव्हा गंगाराम जमिनीकडे बघत होता.

मग भट्टी कोणाची, हे वकिलांनी विचारले. यंदाची दिवाळी झाल्यावर ठरवू, तोवर मी मरत नाही, असे मी सांगितले. असे चालत नाही, म्हणाले. चालवून घ्या, म्हटले.

ठिकाण: मांडवी, रत्नागिरी
दिनांक: २० ऑक्टोबर १९८६, सोमवार
सही: गोदावरी आत्माराम मयेकर

साक्षीदार पहिला: गंगाराम भागोजी शिवलकर. पत्रे उद्या आणून देतो.

साक्षीदार दुसरी: काशी दादू मयेकर, शिक्षण चौथी. वरचे सगळे माझ्यासमोर वाचले. पाचव्या कलमात लिहिले आहे ते खरे आहे. माफ केले असे मी लिहीत नाही. शुक्रवारी पीठ आणि चावी घेऊन येते. तूप माझे मी आणीन.