हार्ड डिस्कवरचे कुंकू

नांदेड, खंडेनवमी, रात्र

यंदा पूजेच्या पाटावर सुनेने संगणकाला जोडलेली हार्ड डिस्क मांडली. तीत माझ्या दिवंगत पत्नीच्या आवाजातील रेणुकेची आरती होती. कॅसेटच्या फितीला बुरशी चढली, तेव्हा सुनेनेच ती उतरवून घेतली होती. दुसरी प्रत नाही.

"मामा, हिच्यात वीज खेळती अन् चकती फिरती. नुसतं कुंकू लावा, पाणी नका शिंपडू."

"प्रोक्षणावाचून पूजा इस्लापुरात होत असेल, या घरात नाही," असे मी तिच्या माहेरावरून सुनावले आणि पळीभर गोदावरीचे पाणी शिंपडले. चालू असलेल्या आरतीचा आवाज दुसऱ्या कडव्यात थांबला. दुरुस्तीवाल्याने डिस्क उघडून नुसती मान हलवली. भिजलेली फीत वाळवता तरी आली असती. चकतीविषयी मला काय ठाऊक होते?

पण खरी लाज पुढची आहे. लातूरला नोकरीस असलेल्या मुलाला सुनेने फोनवर सांगितले, "माझ्याच हातून पाणी सांडलं."

"आईचा आवाज होता तो! अक्कल कुठं ठेवली होतीस?" तो ओरडला. मी शेजारीच बसलो होतो. एक शब्द बोललो नाही. का?

सून हसली. "जाऊ द्या मामा. तुमच्यावर ओरडणं त्यांना जमलं नसतं. माझ्यावर ओरडायची सवय हाय."

डिस्क पुन्हा पाटावर आणून ठेवली आहे. कुंकू ठसठशीत आहे, माझ्याच बोटाचे. हे सारे येथे लिहिणे सोपे आहे. फोन समोर आहे, आणि लातूरला अजून कोणी निजले नसेल.