उजव्या हाताला तेल

माय, तुझ्या नाकाच्या मधल्या पडद्याला आरपार भोक होतं. चुलीपुढं बसून तू भाकरी थापायचीस तेव्हा तुझ्या श्वासाबरोबर एक बारीक शिट्टी वाजायची, आणि मला वाटायचं की सगळ्यांच्याच आया अशा वाजतात. एकदा शेजारणीच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलं तर काहीच वाजेना, म्हणून घरी येऊन तुला विचारलं. तू रागावली नाहीस. दाराच्या उजेडात तोंड वर करून बसलीस आणि म्हणालीस, "बघ नीट. अन् कसं दिसतंय ते मला बी सांग, मला माझं दिसत न्हाई." मी एका नाकपुडीतून वाकून पाहिलं तर दुसऱ्या बाजूचा उजेड दिसला. तसं सांगितलं तर तू कितीतरी वेळ विचार करत बसलीस. दुखतं का, म्हटलं. "न्हाई ना! तेच तर मला कळून न्हाई राह्यलं."

तेव्हा निजामाचं राज्य होतं. बाप केदारखेड्याहून जालन्याला येऊन कापसाच्या जिनात हमाली करायचा आणि तू नदीकाठच्या सूत रंगवायच्या कारखान्यात जायचीस. काताच्या पाण्यात उकळलेलं सूत तपकिरी व्हायचं, पण तो रंग पक्का करायला परदेशी पिंपातून आलेले नारिंगी खडे लागायचे. त्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्ही बायका त्याला नारिंगी मीठ म्हणायचात. ते उखळात कुटायचं काम तुझं. तू घरी यायचीस तेव्हा तुझ्या पापण्यांवरसुद्धा ती नारिंगी भुकटी असायची, आणि मला वाटायचं की तू हळदीच्या कार्यक्रमाहून आलीस. मग तुझ्या बोटांच्या पेरांवर मसुरीच्या डाळीएवढे गोल खड्डे पडायला लागले. कडा उंच, मधे खोल, कुणी टोच्यानं पाडावेत तसे. ते बुजायला महिनोन्‌महिने लागायचे. आणि तेही फारसे दुखत नव्हते.

न दुखण्यानंच घात केला. थोरले चुलते गावाहून आले, पाण्याचा तांब्या घेताना त्यांनी तुझे हात पाहिले, आणि तांब्या तसाच खाली ठेवला.

"हा महारोग हाय," ते बापाला म्हणाले.

तूच विचारलंस, "कशावरून, दादा?"

"नाकात भोक पडलंय, बोटं सडून राह्यलीत, दुखत बी न्हाई. आणखी काय पाह्यजे? मळ्यात खोपी घालून देतो, तिथं ऱ्हा. पोरगी इथंच राहील."

तू सुई आणलीस आणि त्यांच्यादेखत खड्ड्याशेजारी टोचून घेतलीस. रक्ताचा थेंब आला, तुझे डोळे मिटले. "बघा, सुई कळती मला. महारोग्याला कळत न्हाई म्हणतेत."

"सुरुवातीला कळतीच."

"मंग मला पोळ्यापर्यंत मुदत द्या. तुमी पोळ्याला या अन् हात बघा. तवा बी तुमास्नी तसंच वाटलं, तर मी आपल्या पायानं मळ्यात जाईन."

ते गेले. तुझं ताट, वाकळ, पाण्याचं भांडं वेगळं झालं. घरात दुसरी बाई नव्हती म्हणून चूल तेवढी तुझ्याकडं राहिली.

दुसऱ्या दिवशी तू वाटीत करडईचं तेल घेतलंस आणि फक्त उजव्या हाताला चोळलंस. वर तेलात भिजवलेलं फडकं गुंडाळलंस. डावा हात तसाच उघडा. मी विचारलं, दोन्हींना का नाही लावत? तू म्हणालीस, "दोन्हीला लावलं तर कळंल कसं?" रोज कामावर जाताना असंच. पोळा जवळ यायला लागला तसे उजव्या हाताचे खड्डे भरून तिथं गुलाबी कातडी आली. डाव्या हाताला आणखी एक नवा पडला, अंगठ्याच्या मुळाशी. तो दाखवताना तुला इतका आनंद झाला होता की बाप वैतागला. "खड्डा पडला म्हणून कोण हसतं?" तो म्हणाला. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं तुझे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन शेजारी शेजारी धरले.

पोळ्याला चुलते आले. तू दोन्ही पंजे पुढं केलेस. त्यांनी आधी उजवा पाहिला, मग डावा, मग पुन्हा उजवा. तू म्हणालीस, "दादा, महारोगाला काय ठाऊक कोणत्या हाताला तेल लावलंय? हे त्या नारिंगी मिठाचं काम हाय." ते म्हणाले, "जेवायला वाढ." आणि तू वाढलेली पुरणपोळी त्यांनी तुझ्या हातून घेतली. खोपीचं नाव पुन्हा निघालं नाही.

कारखान्यात मात्र एवढं सोपं गेलं नाही. बाकीच्या बायकाही तेल लावायला लागल्या तसा मुकादम ओरडला, "बिलकुल चालणार न्हाई! तेलाचा हात सुताला लागला तर रंग बराबर बसत न्हाई." तो खोटं बोलत नव्हता, हे तूच घरी येऊन सांगितलंस. दोन दिवस विचार केलास आणि त्याला म्हणालीस की जी तेल लावून मीठ कुटंल तिनं सुताला शिवायचंच नाही, अन् नाकातोंडाला ओलं फडकं बांधायचं. तो तयार झाला, कारण त्याचं सूत वाचत होतं. बायकांचे हात सुधारले. तुझ्या नाकातलं भोक तसंच राहिलं, आणि भाकरी करपली की मला ओरडून सांगावं लागायचं, कारण तुला वास येणं कधीचंच बंद झालं होतं.

पुढं मी सरकारी दवाखान्यात नर्स झाले, हे तू पाहिलं नाहीस. लोखंडी सामानाला चकाकी चढवणाऱ्या कारखान्यातला एक माणूस एकदा आला. तो समोर बसला आणि मला ती शिट्टी ऐकू आली. डॉक्टरांच्या आधी मीच विचारलं, "नारिंगी पाण्यात काम करता का?" तो हो म्हणाला. डॉक्टरांनी मला त्या मिठाचं खरं नाव सांगितलं, ते छातीतही उतरतं हेही सांगितलं. मग तुझा शेवटचा खोकला आठवला. तो त्याचाच होता का, मला अजून ठरवता येत नाही. हात दोन होते म्हणून तुला पडताळून बघता आलं. छातीचं तू कसं केलं असतंस, हे मी कितीदा मनात तुला विचारलंय.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एक सांगते. पोळ्याआधीच्या त्या दिवसांत तू केलेली भाकरी मी खात नव्हते. पोट दुखतंय म्हणायचे, आणि तू कामाला गेलीस की ती मागच्या गोठ्यात शेजाऱ्यांच्या म्हशीला घालायचे. मलाही तो महारोगच वाटत होता. तू जगातल्या सगळ्या गोष्टी विचारायचीस, पण माझं पोट नेमकं त्याच दिवसांत का दुखत होतं, हे तू एकदाही विचारलं नाहीस.