सगळ्यांना एकेक फूट

तीर्थस्वरूप आत्या (की तीर्थरूप? ते नववीत शिकवतात म्हणे, मी आठवीतच शाळा सोडली, तेव्हा बरोबर असेल ते धर),

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे तुझा? इथे सगळे मजेत आहेत. इतके मजेत, की मला धडकी भरलीये.

त्याचं असं झालं. मी क्लासला कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल करायला शिकतेय. पडद्यावर चौकोन काढायचा, तो ओढून वर उचलायचा, झाली भिंत. सर म्हणाले, आपापलं घर करून आणा. मग मी टेप घेऊन सगळं घर मोजलं. (आजोबा खुर्चीतून उठेनात, म्हणून त्यांनाही मोजलं आणि खुर्चीसकट आत घातलं.) बाबांनी ते बघितलं आणि म्हणाले, घराची दुरुस्ती काढलीच आहे तर गवंड्याला हेच देऊन टाकू. तिथेच माशी शिंकली.

दुसऱ्या दिवशी काकू हळूच आली. "ए गोगलगायी, आमची खोली फूटभर वाढव ना गं. तुला काय, नुसतं बोट तर हलवायचंय!" आता नाही म्हणायचं तर तोंड उघडावं लागतं. त्यापेक्षा फूट दिलेला बरा. मग आईला स्वयंपाकघरात फूट हवा झाला, बाबांना बाथरूममध्ये, आणि आजोबांना खुर्चीच्या चारही बाजूंनी. बाहेरची भिंत सरकवता येत नाही, कारण एकीकडे रस्ता आणि दुसरीकडे शिंप्याचं दुकान. पण कॉम्प्युटर फार भिडस्त आहे गं. एकाच जागी दोन वस्तू ठेवल्या तरी तो हूं की चूं करत नाही. त्यामुळे सध्या ओटा काकांच्या उशीत आहे आणि आजोबांचे गुडघे बाथरूमच्या फरशीतून वर आलेत. प्रत्येक जण येऊन फक्त आपली खोली बघतो आणि खूश होऊन जातो. आई आणि काकूचा दोन वर्षांचा अबोला सुटला, दोघी एकत्र भाजी निवडतात!

मग सरांनी एक बटण दाबलं. जिथे वस्तू एकमेकींत घुसल्यात तिथे लाल होतं. सगळं घर लाल झालं, आजोबांचं डोकं तेवढं राखाडी राहिलं. सर म्हणाले, "यात माणसं राहणार आहेत?" मी चपलांकडे बघत राहिले. गवंड्याने मॉडेलचा छापलेला कागद तीनदा फिरवला आणि विचारलं, "ताई, ओटा उशीवर बांधू की उशीखाली?" मी लाजून छताकडे बघितलं, तर त्याने 'वर' असं लिहून घेतलं. सोमवारी काम सुरू. खरं सांगितलं तर एकेकाचा फूट काढून घ्यावा लागेल आणि पुन्हा अबोला. काय करू सांग.

तुझी भाची

ता. क. उपाय तसा सापडलाय. तू माहेरी येतेस तेव्हाची खोली मी मॉडेलमधून काढून बघितली. सगळ्यांचे फूट बरोबर बसले, लाल ठिपकासुद्धा नाही! तर 'माझी खोली घ्या' असं तू आपणहून लिहून पाठवशील का? मला विचारायची लाज वाटते.

आणखी ता. क. पत्र पेटीत टाकायच्या आत गवंडी आला, दोन दिवस आधीच. तुझ्या खोलीची भिंत पाडू का, म्हणाला. मी मान हलवली. उभी की आडवी ते मलाही नीट आठवत नाही, पण आता तिथून शिंपी दिसतो. तुला नमस्कार सांगितलाय त्याने.