बाबांचा खो

रविवार, संध्याकाळ, शेवगाव

आज खो-खोची मॅच गेली, आणि कुणामुळे गेली हे घरात मी सोडून कुणी बोलायला तयार नाही.

आमची तनू चौकोनात बसली होती, खो मिळायची वाट बघत. तेवढ्यात तिच्या मागे, दोरीबाहेरून आमचे हे गरजले, "खो दे, खो!" तनूला वाटलं, आपल्यालाच मिळाला. उठली आणि सुटली. शिट्टी! फाऊल! समोरची पोरगी निसटली. वर हेच तिच्यावर तापले, "कान कुठं हुते तुझे?"

कान? कान जागेवरच होते की! मी तिथंच का नाही बोलले?

तनूच्या संघाच्या मॅडम बोलल्या. तनूला म्हणाल्या, "कान चांगलेच आहेत तुझे. फक्त पाठीवर थाप पडल्याशिवाय उठायचं नाही." मग ह्यांना, "भाऊ, पुढच्या मॅचला तोंडात शेंगदाणे धरून बसा."

तरी जेवण झाल्यावर हे तनूला भाषण द्यायला उभे राहिलेच.

तनू म्हणाली, "बाबा, बसा खाली. पाठीवर थाप कुठं पडलीय अजून?"

बसले बिचारे. थाप द्यायला माझा हात मात्र लई शिवशिवत होता.