बिननावाची जर्सी

६ डिसेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. गुडघा कसा आहे? तुझ्या लेकाच्या कपड्यांबरोबर वहिनीने माझ्यासाठी पाठवलेला स्वेटर मिळाला. बाह्या जरा लांब आहेत, पण ऊब छान आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

दुकानात मान वर करायला फुरसत नाही. फुटबॉल क्लबने नवे खेळाडू निवडले की सगळ्या जर्सींवर नावं शिवायची असतात. यंदा एक जर्सी मला उसवावी लागली. निवड जाहीर व्हायच्या आधीच मी तिच्यावर तुझ्या लेकाचं नाव शिवून मोकळी झाले होते. घेतील तर त्यालाच, याबद्दल तुला नि मला तिळमात्र शंका नव्हती. टाके निघाले, पण सुईची भोकं दिसतातच. आपला राखीवांत राहिला नि त्याच्या जागी जो नवा मुलगा निवडला, तो आता ती जर्सी घालणार.

त्याला तू पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहतोस. त्याने गोल केला तर नशीब, आपल्याने घालवला तर वारा. मीही तुझीच बहीण, मान डोलवत आले.

लेक माझ्याकडे राहायला आला, त्याचं कारण 'मैदान जवळ पडतं' असं मी तुला सांगितलं. ते खरं नाही.

गेल्या रविवारचा सराव सामना आठव. जर्सी माझ्या दुकानात अडकलेल्या, म्हणून नवे नि राखीव सगळे साध्या, बिननावाच्या जर्सींत खेळले. आपण पार वरच्या पायरीवर. डाव्या पायाने तो गोल झाला तेव्हा तू उठून ओरडलास, "याला म्हणतात खेळ! माझा पोरगा आहे तो!" मग एकाने समोर आलेला गोल घालवला, तर पुन्हा ओरडलास, "घरी पाठवा रे त्या उपटसुंभाला." मी हसून टाळ्या वाजवल्या.

दादा, गोल त्या नव्या मुलाचा होता. घालवला तो आपल्याने.

त्याने दोन्ही ऐकलं. तिथून तो थेट माझ्याकडे आला. म्हणाला, "आत्या, बाबांना ना त्याचा खेळ दिसतो, ना माझा. त्यांचं आधीच ठरलेलं असतं." मग ताटावरून तसाच उठला. मला फार वाईट वाटलं रे, तुझ्यासाठीसुद्धा.

येत्या रविवारी पुन्हा सराव आहे. नावांच्या जर्सी तयार आहेत, राखीवांच्याही, पण तो म्हणतो, "माझी साधीच असू दे. बाबांना या वेळी कुंपणाशी उभं राहायला सांग. चुकलो तर शिव्या घालू देत, पण मला ओळखून घालू देत."

कुंपणाशी तुझ्यासाठी जागा धरून ठेवणारी,
तुझी धाकटी