पौलानं तीमथ्याला काय लिहिलं

मिशन दवाखाना, जालना
नोव्हेंबर १९३७

प्रिय दादास,
धाकट्या एस्तेरचा प्रभूच्या नावानं सलाम. मी खुशाल आहे. थंडी पडली, वहिनीनं दिलेली वाकळ कामी आली. बाबा नीट जेवतात का?

आपल्या गावाहून, हट्ट्याहून मावशी आली, तिनं सगळं सांगितलं. तुमच्या लेकराला, तीमथ्याला रक्ताची हगवण लागून राहिली, अन् तुमी दवा बंद केली. काहून? तर चर्चच्या मंडळीत नवा आलेला तो योनाथान स्वतःला प्रेषित म्हणवतो, अन् त्यानं डोक्यावर हात ठेवल्यावर दवा घेणं म्हणजे अविश्वास!

आपले पाळक म्हणतात, मेलेल्यातून उठलेल्या प्रभू येशूला ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं तेच प्रेषित, आता कुणी न्हाई. तो वाद त्यांनी घालावा. पण पौल प्रेषित होता, हे तर तुमीबी मानता? मग पवित्र शास्त्र उघडा, पौलाचं तीमथ्याला लिहिलेलं पत्र वाचा. ज्याचं नाव लेकराला ठेवलं, त्या तीमथ्याचं पोट सारखं बिघडायचं. पौलानं त्याला दवा सोड म्हणून लिहिलं न्हाई. पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा, असं लिहिलं. तुमचा योनाथान पौलापेक्षा मोठा झाला काय?

हे पत्र वहिनीला वाचून दाखवा. लपवलंत तर मला कळल्याशिवाय राहणार न्हाई.

लेकराला घेऊन परभणीहून रेल्वेत बसा. मी काम करते त्या वॉर्डातली खिडकीजवळची खाट मी अडवून ठेवली आहे. डॉक्टरीणबाई रोज विचारतात, "आला का गं तुझा तीमथ्य?" त्यांना रोज काय सांगू?

तुमच्यावर लई रागावलेली,
एस्तेर